'आरटीए' लिहून पेन खाली ठेवू नका: अपघात विभागाला खुले पत्र

प्रति,
अपघात विभागातील डॉक्टर आणि परिचारिका,
तसेच केसपेपरचा नमुना ठरवणारे रुग्णालय प्रशासन

विषय: वाहनातील जखमी प्रवाशांच्या नोंदी

स. न. वि. वि.

"एच/ओ आरटीए, को-पॅसेंजर, नेक पेन, मल्टिपल ॲब्रेजन्स." म्हणजे रस्त्यावरच्या अपघातातला (आरटीए) सहप्रवासी, मान दुखते, अनेक ठिकाणी खरचटले. एवढी एक ओळ आणि खाली सही. रुग्ण घरी जातो, फाइल कोडिंगच्या, म्हणजे प्रत्येक इजेला आणि तिच्या कारणाला ठरलेला सांकेतिक क्रमांक देण्याच्या, टेबलावर येते. त्या ओळीतून आम्हाला दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे काढायची असतात. शरीराला काय झाले, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर आयसीडी-१० या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाच्या एकोणिसाव्या प्रकरणात, एस आणि टी अक्षरांच्या कोडमध्ये असते. ते कशामुळे झाले, हा दुसरा. त्याचे उत्तर विसाव्या प्रकरणात असते आणि वाहन-अपघात असेल तर कोड व्ही अक्षराचा असतो. वरच्या ओळीत यातल्या एकाही प्रश्नाचे पुरे उत्तर नाही. आणि आमच्या कामाचा पहिला नियम असा, की जे लिहिलेले नाही ते कोडमध्ये धरायचे नाही. एक्स-रे पाहून फ्रॅक्चर आम्ही ठरवू शकत नाही, आणि पोटावरच्या पट्ट्याच्या खुणेवरून रुग्ण कुठे बसला होता तेही ठरवू शकत नाही. ते तुम्हीच लिहायला हवे.

एकाच अपघाताचा कोड तुमच्या शब्दांप्रमाणे कसा बदलत जातो ते पाहा. फक्त "आरटीए" लिहिले, तर आमच्या हाती व्ही८९.२ उरतो: मोटार वाहनाचा अपघात, कोणत्या वाहनाचा ते माहीत नाही. "कार ॲक्सिडेंट" लिहिले, तर व्ही४९.९: कारमधील कोणीतरी, अपघात कसा झाला ते माहीत नाही. "कार आणि ट्रकची टक्कर" लिहिले पण रुग्ण कशात होता ते राहून गेले, तर व्ही८७.४. तो कारमध्ये होता हे कळले, पण चालवत होता की बसला होता हे कळले नाही, तर व्ही४४.९. आणि "कार-ट्रक टक्कर, रुग्ण कारमध्ये प्रवासी, सार्वजनिक रस्ता" असे सात-आठ शब्द पडले, की व्ही४४.६. अपघात तोच, जखमा त्याच आणि लिहायला लागणारा वेळ दहा सेकंद. पण पहिल्या कोडमधून रस्ता-सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्याला काहीही मिळत नाही. शेवटच्या कोडमधून कोण, कशात, कशावर आदळला आणि कुठे, ही चारही उत्तरे मिळतात.

या कोडची रचना तुम्हाला ठाऊक असावी, असे आम्हाला मनापासून वाटते. ती कळली की काय विचारायचे हे वेगळे पाठ करावे लागत नाही. कोडच्या पहिल्या अंकात जखमी माणूस कशात होता ते येते. पायी असेल तर ०, सायकलवर १, मोटारसायकलवर २, तीनचाकीत ३, कारमध्ये ४, पिक-अप किंवा व्हॅनमध्ये ५, जड मालवाहू वाहनात ६, बसमध्ये ७. दुसऱ्या अंकात समोर काय होते ते येते. पादचारी किंवा जनावर असेल तर ०, सायकल १, दुचाकी किंवा तीनचाकी मोटार वाहन २, कार-पिक-अप-व्हॅन ३, जड वाहन किंवा बस ४, रेल्वे ५, बिनइंजिनाचे वाहन ६. खांब, झाड, भिंत असे एका जागी स्थिर असलेले काही असेल तर ७, आणि टक्कर न होता गाडी उलटली असेल तर ८. कारमधल्या जखमींसाठी ही मांडणी अशीच्या अशी लागू पडते. म्हणजे "समोर जनावर आले म्हणून गाडी वळवली आणि झाडावर गेली" यात धडक झाडाशी झाली, म्हणून व्ही४७. जनावराला गाडी लागली असेल तरच व्ही४०. तसेच "गाडी पलटी झाली" एवढ्यावर आम्ही व्ही४८ देतो. आधी ट्रकने ठोकले आणि मग पलटी झाली असेल, तर तो व्ही४८ नव्हे, व्ही४४. पलटी डोळ्यांत भरते, म्हणून तीच लिहिली जाते आणि आधीची धडक राहून जाते. ही चूक आम्हाला फार वेळा दिसते.

दशांश चिन्हानंतरचा अंक माणसाची भूमिका सांगतो, आणि सर्वांत जास्त घोळ याच अंकात होतो. कारसाठी ५ म्हणजे रस्त्यावरच्या अपघातातला चालक, ६ म्हणजे प्रवासी, ७ म्हणजे वाहनाच्या बाहेरच्या अंगाला असलेला माणूस, ९ म्हणजे यातले कोण ते माहीत नाही, आणि ४ म्हणजे चढताना-उतरताना जखमी झालेला. पण मोटारसायकल आणि सायकलसाठी हाच क्रम सरकतो. तिथे ३ म्हणजे चढता-उतरताना, ४ म्हणजे चालवणारा आणि ५ म्हणजे मागे बसलेला. म्हणून व्ही४३.५ हा कारचा चालक, तर व्ही२३.५ हा मोटारसायकलवर मागे बसलेला प्रवासी. सॉफ्टवेअरमध्ये नुसता ".५" डोळ्यांत ठेवून कोड निवडला, की चालकाचा प्रवासी होतो. "पिलियन" किंवा "मागे बसलेली" हा शब्द केसपेपरवर असेल, तर आमच्याकडून ही चूक होण्याचा संभव उरत नाही.

"प्रवासी" या शब्दाची व्याख्याही बोलीतल्या अर्थापेक्षा काटेकोर आहे. चालक सोडून वाहनात असलेला प्रत्येक जण प्रवासी. पिक-अपच्या मागच्या हौद्यात बसलेला माणूसही प्रवासीच, कारण ती जागा माल ठेवण्यासाठी का होईना, वाहनाची ठरलेली जागा आहे. पण टपावर बसलेला, पायरीवर उभा असलेला, बंपरवर किंवा बाहेर लोंबकळत असलेला माणूस "वाहनाच्या बाहेरचा" धरला जातो. त्याचा अंक ७. टायर बदलण्यासाठी खाली उतरून बसलेला चालक मात्र पादचारी ठरतो, मग गाडी त्याची स्वतःची असली तरी. बसमधून उतरताना पायरीवरून पडलेली बाई व्ही७८.४ मध्ये जाते. उतरून चार पावले चालल्यावर त्याच बसचा धक्का बसला, तर ती पादचारी आणि कोड व्ही०४.१. "बसमधून पडली" या दोन शब्दांत हे सगळे प्रसंग बसतात. म्हणून विचारा: बस चालू होती की थांबलेली? पाय जमिनीला लागला होता का? आत उभी असताना ब्रेक लागला म्हणून पडली का? शेवटचा प्रसंगही टक्कर नसलेला वाहन-अपघातच आहे. तो "घसरून पडली" म्हणून नोंदला, तर वाहतुकीच्या हिशेबातून कायमचा निसटतो.

जागेबद्दल थोडेच सांगायचे आहे. दुसरे काही लिहिलेले नसेल, तर आम्ही अपघात सार्वजनिक रस्त्यावर झाला असे धरतो. खासगी आवारात, कारखान्याच्या आत किंवा शेतात झाला असेल तर तसे स्पष्ट लिहा. तेवढ्यावरून कारमधील प्रवाशाचा ६ जाऊन १ येतो. फक्त रस्त्याबाहेर चालणाऱ्या वाहनांसाठी हा नियम उलटा आहे, तिथे "रस्त्यावर" हे लिहावे लागते.

आता बसण्याच्या जागेकडे येऊ. आयसीडी-१० च्या व्ही कोडमध्ये पुढची सीट, मागची सीट किंवा सीट बेल्ट यांना घर नाही. म्हणून "कोडला लागत नाही तर कशाला लिहायचे" असे कुणी म्हणेल. आमचे उत्तर असे, की जखमांचा अर्थ त्यावर अवलंबून आहे आणि ट्रॉमा रजिस्ट्रीला, म्हणजे गंभीर जखमींच्या नोंदवहीला, ते लागते. लिहिताना मात्र "डाव्या बाजूला बसला होता" असे लिहू नका. कुणाची डावी? रुग्णाची, गाडीची, की समोरून पाहणाऱ्याची? शिवाय चालकाची बाजू सगळ्या देशांत एक नसते. "पुढे, चालकाच्या शेजारी", "मागे, चालकाच्या पाठीमागे", "मागे, मध्ये" असे लिहिले, की कुठेही, कधीही वाचले तरी अर्थ एकच राहतो. धडकेची दिशाही अशीच लिहावी: समोरून, मागून, चालकाच्या बाजूने, किंवा चालकाच्या विरुद्ध बाजूने.

पट्ट्याची खूण जवळून पाहा. तिरपा पट्टा खिडकीकडच्या खांद्यावरून सुरू होतो, छातीवरून उतरतो आणि गाडीच्या मधल्या बाजूला कमरेशी अडकतो. म्हणून पुढे बसलेल्या दोघांच्या अंगावरचे वळ एकमेकांच्या उलट दिशेने जातात. "सीट बेल्ट साइन प्लस" एवढ्यावर न थांबता "उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत तिरपा वळ, शिवाय बेंबीखाली आडवा पट्टा" असे लिहिले, तर ती नोंद पुढे कुणालाही तपासून पाहता येते. छातीवरचा मुका मार एस२०.२ मध्ये, पोटाच्या भिंतीवरचा एस३०.१ मध्ये जातो. पण बेंबीच्या आसपासच्या आडव्या वळाला महत्त्व येते ते आतड्याला, आतड्याच्या पडद्याला आणि कमरेच्या मणक्याला होणाऱ्या इजांमुळे. पट्टा कमरेच्या हाडावर बसण्याऐवजी मऊ पोटावर सरकलेला असेल, तर शरीर त्याच्यावरून दुमडते आणि मणक्याचे आडवे फ्रॅक्चर होते. आतड्याची इजा पहिल्या तासांत गप्प राहू शकते. म्हणून वळ किती वाजता पाहिला, पोट तेव्हा कसे होते आणि पुन्हा कधी तपासले, हे वेळेसह लिहावे. दुसऱ्या दिवशी आतडे फाटल्याचे कळले, तर ती इजा अपघाताचीच आहे हे याच नोंदीवरून सिद्ध होते.

एअरबॅगचेही तसेच. ती फुटली का, आणि तिच्यामुळे काही झाले का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आयसीडी-१०-सीएम या अमेरिकी आवृत्तीत एअरबॅगमुळे झालेल्या इजेला वेगळा जोडकोड आहे. डब्ल्यू२२.११ चालकाच्या बाजूच्या एअरबॅगसाठी, डब्ल्यू२२.१२ पुढच्या प्रवाशाच्या बाजूच्या एअरबॅगसाठी. तो व्ही कोडच्या जोडीने येतो, त्याच्या जागी नव्हे. चेहऱ्यावरचे खरचटणे, डोळ्याच्या बुबुळाला झालेली इजा, हाताच्या आतल्या बाजूचे भाजणे यांच्यापुढे "एअरबॅगमुळे" हा शब्द तुम्ही लिहिला तरच आम्ही हा कोड देऊ शकतो.

जखमांच्या वर्णनात काय राहून जाते, ते एकेक करून सांगतो.

मान. "नेक पेन" हे लक्षण आहे. त्याचा कोड एम५४.२, आणि तो इजांच्या प्रकरणात मुळी नाहीच. तपासून तुमचे निदान मानेच्या अस्थिबंधाला ताण असे झाले असेल, तर ते शब्द लिहा म्हणजे एस१३.४ देता येतो. स्नायूला ताण असेल तर अमेरिकी आवृत्तीत तो एस१६.१ आहे. निदानामागचे निष्कर्षही हवेत: मणक्याच्या मध्यरेषेवर दाबल्यावर दुखते का, हातापायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा आहे का, रुग्णाच्या शुद्धीत काही कमतरता आहे का, त्याने काही घेतले आहे का, लक्ष वेधून घेणारी दुसरी मोठी इजा आहे का. मानेचा एक्स-रे किंवा सीटी लागणार नाही असे तुम्ही याच पाच गोष्टींवरून ठरवता. मग त्या पाचही "नाही" म्हणून कागदावर असू द्या. न लिहिलेले "नाही" आणि न तपासलेले, यांत वाचणाऱ्याला फरक करता येत नाही.

डोके. "एलओसी प्लस", म्हणजे शुद्ध हरपली होती, ही नोंद अर्धी आहे. किती वेळ? अमेरिकी आवृत्तीत शुद्ध हरपली नसेल तर एस०६.०एक्स०, तीस मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ हरपली असेल तर एस०६.०एक्स१, आणि वेळच लिहिलेली नसेल तर एस०६.०एक्स९. रुग्णाला स्वतःला ते सांगता येत नाही, हे उघड आहे. म्हणून "सोबतच्या प्रवाशाच्या सांगण्यानुसार अंदाजे पाच मिनिटे" अशी नोंद करावी. सांगणारा कोण तेही त्यातच येते. जीसीएस हा शुद्धीचा गुणांक "१३/१५" असे न लिहिता "ई३ व्ही४ एम६" (डोळे, बोलणे, हालचाल) असे सुटे लिहा. अमेरिकी आवृत्तीत सुटे तीनही भाग कोड होतात, आणि तो आकडा घटनास्थळी घेतला, विभागात आल्यावर घेतला की दाखल करताना, हेही कोडच्या शेवटच्या अंकात येते. रुग्णवाहिकेतल्या कर्मचाऱ्यांनी घेतलेला आकडा फाइलमधून गळू देऊ नका, तो ग्राह्य धरता येतो.

छाती. "रिब फ्रॅक्चर्स" म्हणजे किती, कोणत्या, कोणत्या बाजूच्या? एक बरगडी एस२२.३, अनेक एस२२.४, आणि छातीचा तुकडा सुटून श्वासाबरोबर उलटा हलत असेल तर एस२२.५. रजिस्ट्रीत तर यावरून अख्खा हिशेब बदलतो. इजेच्या तीव्रतेचा आयएसएस हा गुणांक काढताना शरीराच्या तीन वेगवेगळ्या भागांतल्या सर्वांत मोठ्या इजांचे एआयएस अंक (एकेका इजेच्या तीव्रतेचे अंक) घेऊन त्यांचे वर्ग करून बेरीज करतात. मांडीच्या हाडाच्या फ्रॅक्चरला ३ आणि बरगड्यांना ३ मिळाले, तर ९ अधिक ९, म्हणजे १८. बरगड्यांची संख्या लिहिलेली नाही म्हणून त्यांना २ द्यावे लागले, तर ९ अधिक ४, म्हणजे १३. गंभीर ट्रॉमाची रेषा सहसा १५ च्या वर धरतात. एका न लिहिलेल्या आकड्यामुळे रुग्ण त्या रेषेच्या खाली जातो आणि तुमच्या विभागाने केलेले काम हलके दिसते.

पोट. "ब्लंट ट्रॉमा ॲब्डोमेन" हे कारण आहे, निदान नव्हे. डिस्चार्ज समरीत अंतिम निदान म्हणून तेच राहिले, तर आम्हाला एस३९.९ द्यावा लागतो, म्हणजे पोटाची, कमरेची किंवा ओटीपोटाची कुठलीतरी इजा. सीटीत प्लीहेला चीर दिसली असेल तर तिचा ग्रेड लिहा. काहीच आढळले नसेल तर "पोटात आतील इजा आढळली नाही" असे वाक्य लिहा.

गुडघा आणि खुबा. पुढे बसलेल्याचा गुडघा डॅशबोर्डवर आदळतो, तेव्हा तो जोर मांडीच्या हाडातून खुब्यापर्यंत जातो. गुडघ्याच्या वाटीचे फ्रॅक्चर, एस८२.०, लगेच दिसते. पण त्याच धक्क्यात खुब्याचा सांधा मागे निखळलेला असू शकतो, एस७३.०, किंवा गुडघ्यातला मागचा क्रूशिएट अस्थिबंध फाटलेला असू शकतो, एस८३.५. "डॅशबोर्डवर गुडघा आदळला" ही तीन शब्दांची हिस्ट्री तुमच्यानंतर येणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञालाही खुबा तपासायची आठवण करून देते.

फ्रॅक्चरबाबत दोन गृहीतके आमच्या नियमांतच आहेत, ती तुम्हाला माहीत असलेली बरी. ओपन (हाडापर्यंत जखम असलेले) की क्लोज्ड ते लिहिले नाही, तर क्लोज्ड धरायचे. अमेरिकी आवृत्तीत हाड सरकले की नाही ते लिहिले नाही, तर सरकलेले धरायचे. म्हणजे न लिहिल्याने एकीकडे इजा हलकी होते आणि दुसरीकडे जड. ओपन असेल तर गस्टिलो या वर्गवारीतला प्रकारही लिहा. अमेरिकी आवृत्तीत हाताच्या कोपराखालच्या, मांडीच्या आणि नडगीच्या लांब हाडांसाठी प्रकार एक-दोनला बी आणि तीनला सी असे वेगळे सातवे अक्षर लागते. काचेच्या जखमांत तुकडा आत होता का, निघाला का, हेही हवे, कारण परकी वस्तू असलेल्या आणि नसलेल्या जखमांचे कोड वेगळे आहेत. बाजूच्या खिडकीची काच बारीक खड्यांसारखी फुटते, आणि तिचे ठिपक्यांसारखे ओरखडे एकाच बाजूच्या गालावर, दंडावर दिसतात. ती बाजू लिहायला विसरू नका. फ्रॅक्चरवरच्या कातडीचे खरचटणे मात्र आम्ही वेगळे कोड करत नाही. एकाच जागी मोठी इजा असेल तर वरवरची तिच्यात धरली जाते. तिच्यासाठी तुमच्या तीन ओळी खर्च करू नका.

गरोदर प्रवासी असेल तर किती आठवडे झाले, गर्भाची हृदयगती किती वेळ पाहिली, रक्तस्राव आहे का आणि पट्टा पोटाच्या खालून होता की वरून, हे लिहा. अमेरिकी आवृत्तीत गरोदरपणातल्या इजेचा ओ९ए.२ हा कोड पुढे येतो आणि इजेचा त्याच्यामागे. लहान मूल असेल तर बालआसन होते का, त्याचे तोंड पुढे होते की मागे, आणि मूल त्यात बांधलेले होते की कुणाच्या मांडीवर. ज्याला काहीही झालेले नाही, काही दुखतही नाही, आणि निव्वळ अपघातात होता म्हणून तपासणीला आणले आहे, त्याच्यासाठी झेड०४.१ आहे. थोडे जरी दुखत असेल, तरी तो कोड चालत नाही.

पुढच्या भेटींबद्दल एकच गैरसमज वारंवार आढळतो. अमेरिकी आवृत्तीत कोडच्या सातव्या जागेवरचे ए हे अक्षर म्हणजे "पहिली भेट" नव्हे, तर सक्रिय उपचार. दुसरीकडे प्रथमोपचार घेऊन तिसऱ्या दिवशी तुमच्याकडे शस्त्रक्रियेसाठी आलेल्याला ए-च लागते. प्लास्टर बदलायला आलेल्याला डी. जखम भरून गेल्यावर उरलेल्या त्रासासाठी एस लागते, आणि तिथे आधी आजचा त्रास आणि मग मूळ इजा असे दोन कोड येतात. त्यामुळे पुढच्या भेटीच्या कागदावर "फॉलो-अप" एवढेच नको. आज काय केले आणि हाड कसे जुळते आहे, ते हवे. उशिरा जुळणे, न जुळणे, वाकडे जुळणे यांना वेगवेगळी अक्षरे आहेत.

मृत्यूच्या दाखल्याबद्दल आम्ही सर्वांत कळकळीने लिहितो आहोत. मृत्यूचे मूळ कारण म्हणून इजेचा एस कोड जात नाही, बाह्य कारणाचा व्ही कोड जातो. दाखल्यावर "पॉलिट्रॉमा" (अनेक गंभीर इजा) किंवा "हेड इंज्युरी" लिहून थांबले, की तो मृत्यू एक्स५९ या "अनिर्दिष्ट" खात्यात जमा होतो आणि रस्त्यावरच्या मृत्यूंच्या मोजणीतून बाहेर पडतो. सर्वांत खालच्या ओळीत "कारमधील प्रवासी, कार-ट्रक टक्कर, सार्वजनिक रस्ता" असे लिहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ११.९ लाख माणसे रस्त्यावरच्या अपघातांत गेली. अपघातानंतर तीस दिवसांपर्यंतचे मृत्यू या मोजणीत धरले जातात. अतिदक्षता विभागात एकविसाव्या दिवशी न्यूमोनियाने गेलेल्या प्रवाशाच्या दाखल्यावर अपघात यायलाच हवा. पण तोवर विभाग बदललेला असतो, पहिला केसपेपर फाइलच्या तळाशी गेलेला असतो आणि लिहिणाऱ्याच्या समोर फक्त न्यूमोनिया असतो.

भाषेबद्दल एक विनंती. जे पाहिले ते तुमचे म्हणून लिहा, जे ऐकले ते सांगणाऱ्याच्या नावावर लिहा. "ट्रकवाल्याच्या चुकीमुळे" हे वैद्यकीय कागदावर नको. "ट्रकने मागून धडक दिली, असे रुग्ण सांगतो" हे हवे. "दारू प्यायलेला" नको. तोंडाला वास, बोलण्यातला अडखळ, रक्ताचा नमुना किती वाजता घेतला, हे हवे. गाडी मुद्दाम आदळल्याची शंका असेल, स्वतःला इजा करण्यासाठी किंवा दुसऱ्याला, तर ती शंका तशीच लिहा. कारण मग व्ही कोड लागत नाही. एक्स८२, वाय०३ किंवा वाय३२ लागतो.

आमच्याकडून विचारणा आली, तर जुन्या ओळीवर गिरवू नका. नवी नोंद करा, आजची तारीख, वेळ आणि सही घाला. आणि विचारणा करताना आम्हीही नियम पाळू. उत्तर सुचवणारा प्रश्न विचारणार नाही, पर्याय दिले तर त्यात "अन्य" आणि "सांगता येत नाही" असतील, आणि कोणत्या उत्तराने बिल वाढते याचा उल्लेख नसेल. आमच्याकडून असा उल्लेख झालाच, तर ती विचारणा परत पाठवण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

आता प्रशासनाकडे. संगणकातल्या फॉर्मवर "भूमिका" या रकान्यात आधीपासून काहीही भरलेले असू नये. जिथे "चालक" आपोआप निवडलेला असतो, तिथे घाईच्या रात्री सगळेच चालक होतात, आणि ही चूक पुढे कुणालाच ओळखता येत नाही, कारण ती नोंद पूर्ण भरल्यासारखी दिसते. "माहीत नाही" आणि "विचारले नाही" हे दोन वेगळे पर्याय ठेवा. बेशुद्ध रुग्णाच्या बाबतीत पहिला पर्याय प्रामाणिक आहे. दुसरा दिसला की सकाळच्या पाळीला विचारता येते. आधीच्या भेटीतली हिस्ट्री जशीच्या तशी पुढे उतरवणारे बटण अपघाताच्या फॉर्मवर नको.

कागदी केसपेपर असेल, तर हिस्ट्रीच्या वर एक चौकट छापा. तिच्यात एवढेच: कशात होता; चालक, प्रवासी, बाहेरच्या अंगाला की चढता-उतरताना; कशाशी धडक, की टक्कर न होता उलटली; धडकेची दिशा; सार्वजनिक रस्ता की अन्य जागा; बसण्याची जागा; पट्टा, हेल्मेट किंवा बालआसन; एअरबॅग; शुद्ध हरपली का, किती वेळ; कामावर असताना का; माहिती कोणी दिली, किती वाजता. अकरा नोंदी, बहुतेक खुणेने भरता येतील अशा. त्या पहिल्या तासात, रुग्णवाहिकेचे कर्मचारी आणि सोबतची माणसे समोर असताना भरून घ्याव्यात. ती माणसे निघून गेली, की बसण्याची जागा आणि बेशुद्धीचा वेळ सांगणारे कुणी उरत नाही. नवे फॉर्म छापून येईपर्यंत याच चौकटीचा रबरी शिक्का करून घेतला तरी चालेल. शब्द आणि क्रम लिहून द्यायला, आणि पहिला महिना रोजचे केसपेपर तुमच्या पाळीप्रमुखांबरोबर बसून पाहायला, आम्ही तयार आहोत.

कळावे.

आपले,
वैद्यकीय कोडिंग व नोंदी विभागातील सहकारी